मांजर पिसाळलं म्हणता, पण त्याचा मेंदू कुणी बघितला?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. रस्ता, पाणी, एसटी, दवाखान्यातल्या रिकाम्या जागा यावर आपण नेहमीच लिहितो आणि पुढेही लिहू. आज मांजराच्या मेंदूवर लिहितोय. हसू आलं तर हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषय मांजरापाशी थांबत नाही, आपल्या पोरांच्या हातावरच्या ओरखड्यापर्यंत जातो.

राजूर आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर मांजर नसलेलं घर शोधावं लागेल. भाताचा मुलूख आहे आपला. घरात कणगी आली की उंदीर येतो, उंदीर आला की मांजर येतं. ते कुणी विकत आणत नाही, त्याचा दाखला नसतो, त्याला लस नसते. वाटीभर दूध आणि भाताचा घास एवढ्यावर ते वर्षानुवर्षं धान्याची राखण करतं. असं हे मांजर दहा-बारा वर्षांचं होतं आणि एक दिवस भिंतीला डोकं लावून उभं राहतं. एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागतं. आयुष्यात कधी न चावलेलं फिस्कारायला लागतं. मग त्याचं निदान तीन मिनिटांत होतं. एकजण म्हणतो, "पिसाळलंय." दुसरा म्हणतो, "औषध लावलेला उंदीर खाल्ला असणार." तिसरा दबक्या आवाजात म्हणतो, "कुणीतरी काहीतरी केलंय या घरावर." आणि मग गोणपाट, काठी आणि ओढा.

हे निदान डॉक्टर करत नाही, गल्ली करते. आणि गल्लीचं निदान चुकलं की बरोबर, हे कधीच कुणाला कळत नाही. कारण मेलेलं मांजर कुणी तपासत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: जनावराच्या डोक्यात काय बिघडलं हे शोधायची आपल्याला सवयच नाही, आणि ही सवय नसणं मांजरापेक्षा आपल्याला जास्त धोक्याचं आहे.

आता मुद्द्यावर येतो. मांजराला मेंदूची गाठ होते का? होते. २००३ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. १९८५ ते २००१ या काळात मेंदूत गाठ सापडलेल्या १६० मांजरांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. या मांजरांचं सरासरी वय होतं अकरा वर्षांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात "म्हातारं झालं आता" म्हणून सोडून देतात, नेमकं तेच वय.

त्यातल्या निम्म्याहून जास्त मांजरांना मेनिंजिओमा नावाची गाठ होती. ही मेंदूच्या आत नसते, मेंदूवरच्या आवरणातून वाढते आणि मेंदूला बाहेरून दाबते. त्यानंतर लिंफोमा, मग पिट्युटरी ग्रंथीच्या गाठी. मेंदूच्या स्वतःच्या पेशींपासून होणारा ग्लायोमा शंभरात सात-आठ मांजरांमध्ये. त्याहून दुर्मिळ प्रकार आणखी आहेत, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या आढाव्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढे आहे. त्या १६० मांजरांपैकी साधारण पाचातल्या एका मांजरात मेंदू बिघडल्याची म्हणून ओळखावी अशी खूणच नव्हती. ना झटके, ना गोल फिरणं. नुसतं खाणं कमी झालेलं, सुस्त पडून राहिलेलं. आणि काही मांजरांची गाठ तर दुसऱ्याच कारणाने तपासताना सापडली. म्हणजे सगळी यंत्रं हाताशी असणाऱ्या ठिकाणीही हा आजार लपून बसतो. मग आपल्याकडे "मांजराला असलं काही होत नाही" असं जे म्हणतात, त्याचा खरा अर्थ "आम्ही कधी बघितलंच नाही" एवढाच.

आता कुणी म्हणेल, ही पुस्तकी गोष्ट झाली, आमच्या डोक्यावरून गेली. तसं नाहीये. मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा. कळपातली एखादी मेंढी एकाच बाजूला मान वाकडी करून गोल फिरायला लागते, कळपामागे राहते, अडखळते. जुने मेंढपाळ सांगतात, हिच्या डोक्यात पाणी झालंय. ते बरोबरच असतं. कुत्र्याच्या पोटातल्या एका जंताची अंडी चरताना मेंढीच्या पोटात जातात आणि मेंदूत पाण्याचा फोड वाढतो. फोड वाढला की मेंदू दाबला जातो आणि मेंढी फिरायला लागते. कवटीला छोटं भोक पाडून तो फोड काढण्याची शस्त्रक्रिया पशुवैद्यक करतात आणि मेंढी वाचतेही.

म्हणजे "डोक्यात काहीतरी वाढलं की जनावर एका बाजूला फिरतं" हे ज्ञान आपल्या मातीत आधीपासून आहे. मेंढीच्या बाबतीत आपण ते वापरतो, कारण मेंढीला बाजारात भाव आहे. मांजराला भाव नाही, म्हणून तेच लक्षण मांजरात दिसलं की आपण शास्त्र सोडतो आणि काठी घेतो.

निदान कसं होतं तेही समजून घेऊ. लोकांना वाटतं एमआरआय म्हणजे निदान. एमआरआय ही वरची पायरी आहे. खालच्या पायऱ्या न चढता तिथे उडी मारून उपयोग नाही, आणि या खालच्या पायऱ्यांना फारसा पैसाही लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे घरच्या माणसाने नीट सांगणं. कधीपासून? अचानक की हळूहळू? कुठल्या बाजूला फिरतं? रात्री ओरडतं का? भांड्यातलं अन्न एका बाजूचंच खातं का? मेंदूच्या एका भागावर दाब आला की जनावराला एका बाजूचं जग असल्याचंच कळेनासं होतं, त्या बाजूचा घास तसाच राहतो. हे डॉक्टरला टेबलावर दिसत नाही, घरातल्या आजीला दिसतं. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. झटका आला, फिरायला लागलं, की आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, लांबूनच. तो व्हिडिओ डॉक्टरसाठी लाखमोलाचा असतो, कारण दवाखान्यात नेल्यावर मांजर भेदरून गप्प बसतं.

दुसरी पायरी म्हणजे हाताने तपासणी. डोळ्यात बॅटरी मारून बाहुली लहान होते का बघणं, पंजा उलटा ठेवला तर मांजर तो सरळ करतं का बघणं, कानात आतवर बघणं. याला बॅटरी लागते आणि वेळ लागतो.

तिसरी पायरी, जी मला फार महत्त्वाची वाटते: मेंदूच्या गाठीसारखे दिसणारे पण बरे होणारे आजार बाजूला काढणं. यातले काही ऐकून ठेवा.

म्हाताऱ्या मांजराचा रक्तदाब वाढतो. हो, मांजरालाही बीपी असतो. मूत्रपिंड थकलं किंवा थायरॉईड वाढलं की बीपी चढतो, मांजर एका रात्रीत आंधळं होतं, भिंतीला धडकतं, वेड्यासारखं फिरतं. पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी छोटा पट्टा बांधून हा बीपी मोजता येतो आणि गोळीने खालीही आणता येतो. हे मांजर पिसाळलेलं नसतं, त्याला गाठही नसते.

दुसरं, नुसत्या कच्च्या मासळीवर वाढलेलं मांजर. आपल्याकडे धरण आहे, मासळी आहे, म्हणून सांगतो. काही जातींच्या कच्च्या माशांमध्ये ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं द्रव्य असतं. महिनोन्‌महिने तेवढंच खाल्लं तर मान छातीकडे झुकते, तोल जातो, झटके येतात. वेळेत ब-१ ची इंजेक्शनं मिळाली तर मांजर उठून चालायला लागतं. मासळी शिजवून घातली तर हा प्रश्न येत नाही.

तिसरं, गोठ्यातलं गोचिडाचं औषध. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन या जातीची औषधं गाई-बैल सहन करतात, कुत्राही करतो, पण मांजराचं यकृत ती नीट पचवू शकत नाही. बैलावर फवारलेल्या औषधात मांजर लोळलं किंवा कुणी प्रेमापोटी तेच औषध मांजराच्या अंगाला चोळलं, तर काही तासांत थरथर आणि झटके सुरू होतात. यावर लगेच इलाज झाला तर मांजर वाचतं. आणि जाता जाता सांगतो, माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

शिवाय कानाचा आतला संसर्ग, डोक्याला लागलेला मार, काही विषाणूंचे आणि बुरशीचे आजार. हे सगळे बाजूला काढल्यावर, आणि लक्षणं आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढतच असतील, तर मग गाठीची शंका घ्यायची. मग एमआरआय.

एक वेगळी वाट पिट्युटरीच्या गाठीची आहे. ही गाठ मेंदूच्या तळाशी असते, पण लक्षण दाखवते मधुमेहाचं. मांजराला साखर निघते, इन्सुलिन सुरू होतं, मात्रा वाढवत नेली तरी साखर हलत नाही, उलट मांजराचं वजन वाढतं, जबडा आणि पंजे रुंद होतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात बाराशेहून जास्त मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं, तर साधारण चारातल्या एका मांजरात अशी शंका घ्यावी असा निकाल आला. मेंदूची गाठ, पण पहिला धागा सापडला रक्ताच्या नळीत. म्हणूनच म्हणतो, निदान यंत्राआधी डोक्यात सुरू होतं.

आता आपल्याकडे होणाऱ्या एका घोटाळ्याबद्दल बोलतो. कुणा एकाला दोष देत नाही, ही सार्वत्रिक पद्धत आहे. जनावर सुस्त झालं की "एक इंजेक्शन मारा" असा आग्रह आपणच धरतो. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. गाठीभोवतीची सूज स्टेरॉईडने उतरते, मांजर दोन दिवसांत ताजंतवानं होतं, आपण खूश. काही दिवसांनी पुन्हा कोसळतं. मधल्या काळात लिंफोमासारखी गाठ तात्पुरती आकसलेली असते आणि नंतर तपासणी केली तरी फसवते. स्टेरॉईड वाईट नाही, योग्य वेळी ते मोठा आराम देतं. पण निदानाच्या आधी दिलेलं स्टेरॉईड म्हणजे चोरी झालेल्या घराचा पंचनामा होण्याआधी घर झाडून काढणं. इंजेक्शनचा आग्रह धरण्याआधी "डॉक्टरसाहेब, हे नेमकं कशावर देताय?" एवढं विचारायला शिका.

आता वरची पायरी. मांजर एमआरआयच्या नळीत अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहत नाही, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून यंत्र असून भागत नाही, भूल देणारा जाणकारही लागतो. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं, तिथे अशा तपासण्यांची सोय उभी राहिली. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे महाराष्ट्रात ज्ञानाचा दुष्काळ नाही. राजूरपासून तिथपर्यंत जाणारी वाट मात्र कुणी आखलेली नाही.

आणि एमआरआयने तरी काय कळतं? गाठ आहे, केवढी आहे, कुठे आहे, आणि बरीचशी खात्रीने मेनिंजिओमा आहे की नाही. मांजराचा मेनिंजिओमा बहुधा टणक असतो, मेंदूपासून सुटा असतो, म्हणून तो काढता येतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ मांजरांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी निम्मी मांजरं जिवंत होती. म्हाताऱ्या मांजरासाठी दोन वर्षं थोडी नाहीत. पण दुर्मिळ प्रकारच्या गाठींचं पक्कं नाव फोटोवरून देता येत नाही. त्यासाठी गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जावा लागतो. तो शस्त्रक्रियेत मिळतो, नाहीतर मेल्यानंतर.

मेल्यानंतर, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. जगात मांजराच्या मेंदूच्या गाठींबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं कितीतरी मेलेल्या मांजरांनी शिकवलंय. ज्यांच्या मालकांनी दुःख गिळून "बघा, काय झालं होतं ते" असं सांगितलं, त्या मांजरांनी. आपल्याकडे मेलेलं मांजर ओढ्याला जातं, आणि त्याच्याबरोबर उत्तरही जातं.

आता रेबीज. हे नीट वाचा, कारण खरा धोका इथे आहे.

वागणं बदललेल्या प्रत्येक मांजराकडे पहिल्या दिवशी रेबीजच्या शंकेनेच बघायचं. यात तडजोड नाही. उघड्या हाताने धरायचं नाही, लाळेला शिवायचं नाही, पोरांना लांब ठेवायचं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. मांजर गाठीचं होतं की रेबीजचं, याचा निकाल लागेपर्यंत लस थांबत नाही. हळद, चुना, मिरची लावून वाट बघणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. रेबीजची लक्षणं माणसात दिसली की मग औषध नाही.

पण रेबीज आणि गाठ यांच्या चालीत फरक आहे. रेबीज झालेलं मांजर लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. गाठीचं मांजर आठवडे, महिने रखडतं. म्हणून चावलेल्या कुत्र्या-मांजराला दहा दिवस सुरक्षित कोंडून डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचा नियम आहे. आता सांगा, पहिल्याच दिवशी काठीने डोकं फोडलं तर काय कळणार? दहा दिवसांचं उत्तरही गेलं आणि मेंदूही गेला. रेबीजची पक्की तपासणी मेंदूच्याच तुकड्यावर होते, आणि आपण नेमका मेंदूच ठेचतो.

याचे दोन्हीकडून तोटे आहेत. गाठीचं मांजर "पिसाळलं" म्हणून मारलं की आख्खी गल्ली धास्तीत, कुणाकुणाला शिवलं होतं याची यादी सुरू. आणि खरंच रेबीजचं मांजर "म्हातारं होऊन मेलं" म्हणून टाकलं की ज्या पोराला ते आठ दिवसांपूर्वी ओरखडलं होतं, त्या पोराला कुणी लस देत नाही. दुसरा तोटा भरून येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायची योजना जाहीर केली. चांगलं आहे. पण जिथे संशयित जनावराचा मेंदू तपासणीला जातच नाही, तिथे रेबीज संपला की राहिला हे सांगणार कोण? कागद?

आता नेहमीचा प्रश्न येणार, येऊ द्या: "अहो, इथे माणसाला सोनोग्राफीसाठी अकोले, नाहीतर संगमनेर गाठावं लागतं. बाळंतीण घाटात अडकते. आणि तुम्ही मांजराच्या एमआरआयचं घेऊन बसलात?"

प्रश्न खोटा नाही. डोंगरातल्या बाईला वेळेवर डॉक्टर मिळणं मांजरापेक्षा हजारदा महत्त्वाचं आहे, आणि या दोघांत निवड करायची वेळ आली तर मीही बाईच निवडणार. पण ही निवड तुमच्या-माझ्यासमोर कुणी ठेवलीये? राजूरला एमआरआय आणा असं मी म्हणतच नाहीये. ज्याच्याकडे पैसा आहे तो मुंबईला जाईल, नाही तो नाही जाणार. दहा-बारा वर्षांच्या मांजरावर हजारो रुपये न खर्चणाऱ्या माणसाला मी निर्दयी म्हणणार नाही. निदान झाल्यावर इलाज न करणं, वेदना कमी ठेवणं, किंवा पशुवैद्यकाच्या हातून शांतपणे दयामरण देणं हासुद्धा माणुसकीचाच निर्णय आहे. पण निर्णय घ्यायचा तर आधी काय झालंय ते कळायला नको?

आणि कळण्याची ही साखळी, म्हणजे नीट विचारपूस, हाताने तपासणी, नमुना, प्रयोगशाळा आणि लेखी उत्तर, मांजरासाठी वेगळी आणि बैलासाठी वेगळी नसते. ज्या साखळीतून मांजराची गाठ सापडेल, त्याच साखळीतून रेबीज सापडेल, शेळीच्या मेंदूचा ताप सापडेल, डांगी गाईच्या अचानक मरणाचं कारण सापडेल. साखळी कुठल्या जनावराच्या निमित्ताने बांधली याला महत्त्व नाही. ती बांधलेली असावी, एवढंच.

मांजर किती दुर्लक्षित आहे त्याचा एक पुरावा देतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट तर मोजलेच, पण कुत्रे, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले. मांजर त्या यादीत नाही. आपल्या तालुक्यात हत्ती किती ते सरकार सांगेल, मांजरं किती ते सांगणार नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी लस येत नाही, औषध येत नाही, पट्टा येत नाही. धान्याची राखण करणाऱ्या जनावराची ही किंमत.

मग करायचं काय? माझ्या मागण्या मोजून पाच आहेत, आणि एकीलाही कोटी लागत नाहीत.

एक. तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत लहान जनावरांसाठी बीपीचा छोटा पट्टा, डोळे तपासायचं साधन आणि कान बघायचं साधन असावं. ही साधनं वासरालाही चालतात.

दोन. अवघड केसचा व्हिडिओ आणि नोंदी परळ किंवा शिरवळच्या तज्ज्ञांना पाठवून सल्ला घ्यायची ठरलेली सोय असावी. ही दोन्ही महाविद्यालयं एकाच विद्यापीठाची, नागपूरच्या माफसूची. ठरलेला वार, ठरलेला नंबर. आज हे काम ओळखीपाळखीवर चालतं, ते हक्कावर चालावं. १९६२ या नंबरवर फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलावता येतं, त्याच पथकाला यात जोडून घेता येईल.

तीन. मेंदूच्या आजाराने मेलेल्या कुठल्याही जनावराचा नमुना पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा योग्य त्या प्रयोगशाळेत पोहोचवायची व्यवस्था असावी: बर्फाची पेटी, फॉर्मॅलिनची बरणी आणि नेणारा माणूस. कवटी उघडायचं काम फक्त लस घेतलेल्या, प्रशिक्षित माणसाचं. घरी कुणीही हा उद्योग करायचा नाही. आपलं काम एवढंच, मेलेल्या जनावराला हात न लावता ताबडतोब कळवायचं. मेंदू काही तासांत खराब व्हायला लागतो.

चार. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, लांबून लांबून लोक येतात. तिथे एका कोपऱ्यात कुत्र्या-मांजरांच्या रेबीज लसीकरणाचं टेबल लावा. ग्रामपंचायत, पशुसंवर्धन खातं आणि आपली तरुण मंडळं मिळून हे एका दिवसात होण्यासारखं आहे.

पाच. पुढच्या पशुगणनेच्या यादीत मांजर घाला. आपल्या ग्रामसभेचा ठराव दिल्लीला पोहोचेल का, मला माहीत नाही. पण ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, ही म्हण आपण जन्मभर ऐकत आलो. उंदरांच्या सभेत उत्तर सापडलं नव्हतं. आपण माणसं आहोत, आपल्या ग्रामसभेत सापडायला हरकत नाही.

आणि घरोघरी करता येण्यासारखी एक गोष्ट, जिला ठराव लागत नाही. पुढच्या वेळी एखादं मांजर भिंतीला डोकं लावून उभं दिसलं, गोल फिरताना दिसलं, तर काठी घेऊन धावणाऱ्याला थांबवा. जनावराला असं मारणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगा. पोरांना आत घ्या. पाटी किंवा खोकं उलटं टाकून, दार लावून, मांजर एका जागी सुरक्षित कोंडा, हाताने धरू नका. लांबून व्हिडिओ काढा. दवाखान्याला फोन करा. कुणाला चावलं-ओरखडलं असेल तर त्याला आधी लसीला पाठवा.

तुमच्या वाडीत, गल्लीत अशी लक्षणं असलेलं मांजर अलीकडे मेलं असेल तर खाली लिहा: साधारण वय किती होतं, किती दिवस आजारी होतं, काय खायचं, कुणाला चावलं होतं का. माणसांची नावं नकोत. पन्नास नोंदी जमल्या तरी त्या घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाता येईल. आज आपल्या हातात एकही नाही.